पिंजऱ्यातला पक्षी दांडीवर स्वस्थ का बसत नाही : दुखऱ्या पायांची क्रमवार तपासणी

गेल्या बारा वर्षांत आमच्या पडवीतल्या आणि वाडीतल्या ओळखीच्या घरांतल्या पिंजऱ्यांमध्ये मी ज्या एका तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा हात घातला आहे, ती थोड्याफार फरकाने अशी असते: पक्षी खातो-पितो, ओरडतो, पंखही झटकतो, पण दांडीवर स्वस्थ बसत नाही. लोक औषध विचारायला येतात आणि बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते; पिंजऱ्यासोबत आलेल्या, एकाच जाडीच्या, गुळगुळीत दोन दांड्या काढून टाकल्या की निम्मे काम होते. उरलेले निम्मे आमच्या कोकणातल्या दमट हवेशी झगडण्याचे असते. खाली तपासण्यांचा क्रम सोप्या आणि फुकटच्या उपायांपासून अवघड आणि खर्चिक उपायांपर्यंत लावला आहे. तो मोडू नये, कारण एकदम चार गोष्टी बदलल्या तर नेमके कशाने बरे वाटले ते कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

हे सर्व बजरीगर, कॉकटेल (म्हणजे कॉकाटील), लव्हबर्ड आणि फिंच यांच्यापुरते आहे. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून हाती दिले जाणारे छोटे हिरवे-निळे पक्षी पुष्कळदा बजरीगरच असतात, तेव्हा मापे वाचण्याआधी आपल्याकडे नक्की काय आहे ते पाहून घ्यावे. आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून त्याच्यासाठीचे माप इथे दिलेले नाही.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे पायांची अदलाबदल. पिसे फुगवून, एक पाय पोटात घेऊन झोपणे हे आजाराचे लक्षण नव्हे. उलट तसा झोपणारा पक्षी निवांत आहे असे समजावे. काळजीची गोष्ट वेगळी असते: जागा असतानाही तो दर थोड्या वेळाने डावा-उजवा पाय उचलत राहतो, पाय टेकवताना बोटे पूर्ण मिटत नाही, किंवा चोच जाळीत अडकवून शरीराचा भार तिच्यावर टाकतो. दुसरे लक्षण रात्रीचे आहे. दांडी मोकळी असताना पक्षी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाळीला लटकून झोपत असेल, किंवा दाण्याच्या वाटीच्या काठावरच रात्र काढत असेल, तर त्याला दांडी नकोशी झाली आहे एवढे नक्की. याशिवाय काही पक्षी रात्री धप्पकन खाली पडतात, काही उडून आल्यावर दांडीवरून घसरतात, आणि काहींची नखे गळासारखी वळू लागतात.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा तळव्यावर असतो आणि तो पाहण्यासाठी पक्ष्याला पकडावे लागत नाही. तो समोरच्या जाळीवर चढला की दोन्ही तळवे बाहेरून दिसतात. मोबाइलने जवळून एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे. निरोगी तळवा बारीक रव्यासारखा दाणेदार दिसतो. बिघाड सुरू झाला की हे दाणे झिजतात आणि तिथली कातडी तुकतुकीत, ताणल्यासारखी व लालसर होते. पुढे तिथे घट्टा पडतो आणि त्याच्याही पुढे खपली धरते. निव्वळ रंगावर विसंबून राहू नये, कारण बजरीगरच्या काही जातींचे पाय मुळातच गुलाबी आणि काहींचे निळसर राखाडी असतात. दोन्ही तळव्यांची एकमेकांशी तुलना करावी आणि छायाचित्रावर तारीख टाकून ते जपून ठेवावे, कारण पंधरा दिवसांनी सुधारणा झाली की नाही हे डोळ्यांच्या आठवणीवर ठरवता येत नाही.

आता थांबायचे कुठे तेही आधीच सांगतो. तळव्याच्या मध्यभागी काळी किंवा तपकिरी खपली, सूज, रक्त, पू, एकच पाय लुळा पडणे, अथवा पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला असणे, यांपैकी काहीही दिसले तर खालची एकही तपासणी करत बसू नये. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. दांड्यांचे नंतर पाहता येते.

पहिली तपासणी : स्वच्छता

खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटे. सर्व दांड्या बाहेर काढून बोट फिरवून पाहाव्यात. सुकलेली विष्ठा दांडीच्या वरच्या बाजूला दिसते, पण खालच्या बाजूचा चिकट थर बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि पक्ष्याची मागची बोटे नेमकी तिथेच टेकतात. कातडी झिजलेली असताना विष्ठेतले जंतू तिच्यातून आत शिरतात. साध्या घट्ट्याचे फोडात रूपांतर होण्याचे हेच कारण आहे. गरम पाणी, थोडा साबण आणि नारळाच्या काथ्याचा किंवा साधा ब्रश एवढे पुरते. फिनेल किंवा वासाचे जंतुनाशक लाकडात मुरते आणि पक्षी तेच लाकूड कुरतडतो, म्हणून ते वापरू नये.

दांडी धुतल्यावर ती पूर्ण सुकल्याशिवाय परत लावायची नाही. उन्हाळ्यात हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात मात्र सकाळी धुतलेली दांडी दुसऱ्या दिवशीही आतून ओली असते, म्हणून दांड्यांचा दुसरा संच हवा; त्याविषयी पुढे लिहिले आहेच.

दुसरी तपासणी : दांडी फिरते का, आणि ती कुठे आहे

दांडीच्या मध्यावर बोट ठेवून पुढे-मागे ढकलावे. तयार पिंजऱ्यातल्या दांड्यांच्या टोकांना खाच असते आणि ती खाच वापरून सैल झाली की दांडी स्वतःभोवती फिरू लागते. हलणाऱ्या होडीत उभ्या माणसाला जसे पाय रोवून धरावे लागतात, तसेच फिरत्या दांडीवर पक्ष्याला बोटे सतत आवळून धरावी लागतात आणि झोपेतही त्यांना विसावा मिळत नाही. रात्री खाली पडणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मला सर्वाधिक वेळा हाच दोष सापडला आहे. खाच पट्टीच्या करवतीने थोडी खोल केली, किंवा दांडी एक सेंटिमीटर लांब घेतली, की प्रश्न मिटतो.

जागेचे नियम थोडे आहेत. पक्षी शक्यतो सर्वांत उंच जागी झोपतो, म्हणून सर्वांत आरामशीर दांडी सर्वांत वर असावी, मात्र डोके छताला लागू नये. एका दांडीच्या बरोबर खाली दुसरी असू नये, कारण वरची विष्ठा खालच्या दांडीवर आणि तिथून तळव्यावर येते. पाण्याच्या वाटीवरही दांडी नसावी. शेपटी भिंतीला घासणार नाही इतके अंतर ठेवावे. कॉकटेलच्या एकूण लांबीत जवळजवळ निम्मी शेपटीच असते, त्यामुळे बजरीगरसाठी घेतलेल्या पिंजऱ्यात कॉकटेल ठेवला की त्याला सरळ बसायला जागाच उरत नाही. अशा वेळी दांडी बदलून काही होत नाही, पिंजराच बदलावा लागतो.

तिसरी तपासणी : जाडी

इथे थोडे थांबावे, कारण नव्वद टक्के लोक ही मोजणी करतच नाहीत. पोपटवर्गीय पक्ष्यांची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, फिंचची तीन पुढे आणि एक मागे. पक्षी आरामात बसलेला असताना बोटांनी दांडीचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घेर वेढलेला असावा. पुढची आणि मागची बोटे खाली एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक आहे. मग सगळा भार तळव्याच्या मध्यावर एका बिंदूत येतो आणि नखे झिजत नाहीत. बोटे वरच सपाट पसरलेली दिसत असतील तर दांडी त्याच्यासाठी जाड आहे आणि पकड बसत नाही.

माझ्या अनुभवात फिंचला ८ ते १२ मिलिमीटर, बजरीगरला १२ ते १५, लव्हबर्डला १४ ते २० आणि कॉकटेलला १८ ते २५ मिलिमीटर व्यासाची दांडी मुख्य बैठकीसाठी मानवते. जाडी मोजायचा व्हर्नियर कोणाच्या घरी असतो? कागदाची पट्टी दांडीभोवती गुंडाळून खूण करावी, पट्टी उलगडून लांबी मोजावी आणि ३.१४ने भागावे. १२ मिलिमीटरच्या दांडीला ही पट्टी साधारण ३८ मिलिमीटर भरते, २० मिलिमीटरच्या दांडीला सुमारे ६३. एवढेही नको असेल तर भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल हाताशी ठेवावा: तो सुमारे १४ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे बजरीगरला अगदी जोगता. साधी लिहिण्याची पेन्सिल ७ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि स्वस्त पिंजऱ्यांतल्या कित्येक प्लॅस्टिक दांड्या तिच्याहून फारशा जाड नसतात.

मात्र अचूक माप सापडले म्हणून त्याच मापाच्या चार दांड्या लावू नयेत. पाय दुखतो तो दांडी कठीण असते म्हणून, असा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोक दांडीला कापूस, स्पंज, जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळतात. झाडाची फांदी काही मऊ नसते. तिची जाडी वीतभर अंतरात तीनदा बदलते, तिला गाठी आणि वाक असतात, आणि पक्षी चार इंच सरकला की भार तळव्याच्या दुसऱ्या भागावर जातो. पिंजऱ्यातला पक्षी चोवीस तास पायांवरच असतो. त्याला भार बदलायला जागा मिळाली नाही तर मापातली दांडीसुद्धा त्याच त्या ठिकाणी कातडी झिजवते. म्हणून तीन दांड्या असतील तर एक मापातली, एक थोडी बारीक आणि एक थोडी जाड असावी. झोपायची वरची दांडी मापातली आणि आडवी हवी. बाकीच्या थोड्या तिरप्या असल्या तरी चालते, किंबहुना बरेच.

चौथी तपासणी : पृष्ठभाग

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सावंतवाडीला गेलो असताना तिथल्या एका कारागिराकडून मी मुद्दाम २० मिलिमीटरच्या दोन दांड्या कातून आणि लाखेच्या रंगात रंगवून घेतल्या. लाल-पिवळ्या कड्यांच्या त्या दांड्या इतक्या देखण्या होत्या की पाहुण्यांना दाखवाव्यात. आमचा कॉकटेल पहिल्या रात्री दोनदा घसरला, दुसऱ्या रात्री पडला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेपटीचे एक पीस मोडून, जाळीच्या कोपऱ्याला चिकटून बसलेला सापडला. कारागिराचे काम उत्तम होते. लहान मुलाच्या हातात द्यायच्या खेळण्याचा गुळगुळीतपणा मी पक्ष्याच्या पायाखाली मागितला होता. त्यातली एक दांडी आता लाटणे म्हणून स्वयंपाकघरात आहे.

गुळगुळीत प्लॅस्टिक, पीव्हीसीचा पाइप आणि तासलेला, पॉलिश केलेला बांबू हे सर्व याच प्रकारात मोडतात. त्याच्या उलट टोकाला सँडपेपरच्या नळ्या आहेत, ज्या ‘नखे आपोआप घासली जातात’ असे सांगून दुकानात देतात. नखांची टोके दांडीला फारशी टेकतच नाहीत, टेकतो तो तळवा, आणि घासला जातो तोही तळवाच. या नळ्या असतील तर आजच काढून टाकाव्यात. या एका कृतीने बरे झालेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत. सिमेंटची खरखरीत दांडी ठेवायचीच असेल तर ती एकच, खालच्या बाजूला, दाण्याच्या वाटीसमोर असावी, म्हणजे पक्षी तिच्यावर थोडा वेळ थांबतो आणि झोपायला वर जातो. आमच्याकडे काही घरांत त्यासाठी जांभ्याचा तुकडा टांगलेला दिसतो. कल्पना वाईट नाही, पण जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो आणि त्याच्या भोकांत साचलेली घाण निघत नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

पाचवी तपासणी : लाकूड कोणते

दुकानातल्या दांडीऐवजी झाडाची फांदी लावायची ठरले की कोकणात लाकडाचा तोटा नाही, पण निवड डोळसपणे करावी लागते. माझी पहिली पसंती परसातल्या पेरूला असते: लाकूड चिवट, गाठी भरपूर, आणि साल पक्ष्याने कुरतडली तरी अपाय नाही. दुसरी पसंती सुरूला. किनाऱ्यांवर वाऱ्याला अडसर म्हणून लावलेला हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा आहे, आणि बजरीगर व कॉकटेल हेही ऑस्ट्रेलियाचेच, त्यामुळे दोघांना एकत्र पाहून मला थोडी गंमत वाटते. सुरूची खरबरीत साल पकडीला फार चांगली असते. वाऱ्याने पडलेली, भरतीच्या रेषेच्या बरीच वर सापडलेली फांदी उचलावी; वनखात्याच्या लागवडीतल्या झाडाला कोयता लावू नये. फिंचसाठी जास्वंदीच्या बारीक फांद्या योग्य ठरतात. बांबू चालतो, मात्र साल न तासलेला आणि पेरे जवळजवळ असलेला घ्यावा; त्याला भुंगा लवकर लागतो, खाली पिवळसर भुकटी पडू लागली की तो फेकून द्यावा.

टाळायच्या झाडांची यादी पाठ असलेली बरी. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही पिंजऱ्याजवळ नको. शेर, रुई, पांढरा चाफा अशी तोडल्यावर पांढरा चीक येणारी झाडे वगळावीत. बिब्बा, काजू आणि आंबा हे एकाच कुळातले आहेत. बिब्ब्याने आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने अंगावर काय होते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आंब्याच्या वाळलेल्या फांद्या काही जण वापरतात, मी वापरत नाही, आणि त्याला चिकाखेरीज दुसरेही कारण आहे. हापूसच्या बागेत मोहोरावर तुडतुड्यांसाठी आणि काजूवर ढेकण्यासाठी कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. बजरीगरचे वजन ३० ते ४० ग्रॅम असते. फवारणीचा जो अंश आपल्याला जाणवणारही नाही, तो चोचीने साल सोलणाऱ्या एवढ्याशा जिवाला पुरेसा ठरू शकतो. बागेच्या बांधावरचा पेरूसुद्धा या कारणाने नको, घराजवळचा हवा.

ओहोटीनंतर वाळूत सापडणारी, लाटांनी घासलेली लाकडे दिसायला सुंदर असतात आणि पर्यटक ती हौसेने उचलून नेतात. ती पिंजऱ्यात लावू नयेत. त्यांच्यात मीठ मुरलेले असते, पक्षी ते चाटतो आणि कुरतडतो, शिवाय मीठ हवेतले पाणी ओढत असल्याने असे लाकूड पावसाळाभर ओलसर राहते. बंदराजवळच्या लाकडांत होड्यांचे तेलही असते.

फांदी आणल्यावर ती घासून धुवावी, साल तशीच ठेवावी, आणि आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवावी. वाळली की नाही हे कळण्यासाठी दोन फांद्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात: ओलीचा आवाज बद्द येतो, वाळलेलीचा खणखणीत. नवी दांडी एकदम पिंजऱ्यात घातली तर कित्येक पक्षी घाबरून दिवसभर तिच्याकडे फिरकत नाहीत, म्हणून ती दोन दिवस पिंजऱ्याबाहेर पण त्याच्या नजरेसमोर टांगून ठेवावी. जुन्या दांड्या एकेक करून काढाव्यात.

सहावी तपासणी : पावसाळा

जुलैमध्ये आमच्या किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते आणि चपलांपासून पापडांपर्यंत सगळ्यांवर बुरशी येते. दांडी त्याला अपवाद नसते. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी आहे. ओलसर लाकडावर त्याचा तळवा दिवसरात्र टेकलेला राहिला की कातडी मऊ पडते, चिखलात भाताची लावणी करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्या कुजतात तशी, आणि मऊ पडलेली कातडी लवकर फाटते. त्यात बुरशीचे कण पक्ष्याच्या श्वसनालाही बाधतात. दांडीवर पांढरट किंवा हिरवट-काळे ठिपके दिसले तर ती पुसून परत लावू नये. बुरशी लाकडाच्या आत गेलेली असते आणि चार दिवसांत पुन्हा वर येते. अशी दांडी सरळ चुलीत घालावी.

यावर उपाय एकच आहे आणि तो आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे: आगोट. मिरची, सुके मासे, लाकूडफाटा यांची मेच्या उन्हात जशी तयारी करतो, तशीच पेरूच्या किंवा सुरूच्या आठ-दहा फांद्या मापात कापून, कडकडीत वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर दर दोन आठवड्यांनी संच बदलायचा. पिंजरा पडवीच्या त्या बाजूला नको जिथे पश्चिमेचा झोत आणि झड आत येते. घरात आडोशाला, वारा फिरेल पण ओल येणार नाही अशी जागा शोधावी लागते, आणि जुन्या कौलारू घरांत ती बहुधा माजघराच्या दाराशी सापडते.

सातवी तपासणी : खिळे, तारा आणि दोऱ्या

दांडी पक्की करण्यासाठी लोक हाताला येईल ती तार वापरतात. खाऱ्या हवेत साधे लोखंड एका पावसाळ्यात गंजते, आणि गॅल्व्हनाइज्ड तारेवर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी जस्ताची असते, आणि पक्ष्याने ती चाटली तर जस्ताची विषबाधा होऊ शकते. त्यामुळे थोडे पैसे जास्त घालून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, दोन मोठे वायसर आणि हाताने आवळता येणारा विंग नट घ्यावा. फांदीच्या टोकाला भोक पाडून बोल्ट बसवला की जाळी दोन वायसरांच्या मध्ये धरली जाते आणि दांडी फिरत नाही. सगळा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी येतो.

दोरीच्या दांड्यांविषयी माझे मत कडक आहे. सुती जाड दोरीची दांडी दुखऱ्या पायाला काही दिवस आराम देते हे खरे, पण तिचे धागे सुटू लागले की पक्षी ते गिळतो आणि त्याच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत त्यांचा गोळा होतो, म्हणून पहिला धागा सुटताच ती काढून टाकायला हवी. सुंभ त्याहून वाईट, कारण काथ्याचे तंतू ताठ असतात आणि ओल धरतात. सर्वांत वाईट म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा. मासेमारी करणाऱ्या एका घरी मला कॉकटेल दाखवला, त्याचे एक बोट सुजून जांभळे झाले होते आणि घरचे दांडीला दोष देत होते. खिडकीच्या उजेडात बोट तिरपे धरल्यावर कातडीच्या घडीत केसासारखी एक रेष चमकली. पडवीत जाळे विणताना उडालेला धाग्याचा तुकडा त्याच्या बोटाला दोन वेढे घालून बसला होता. मी कात्री हातात घेतली आणि परत ठेवली, कारण धागा मांसात रुतला होता आणि तिथे माझे काम संपले होते. डॉक्टरांनी तो काढला, बोट वाचले. म्हणून एकाच बोटाला सूज असेल तर भिंगातून धागा किंवा केस शोधावा आणि पायात ओळखीची अंगठी असेल तर ती घट्ट झाली आहे का तेही पाहावे. वर तरंगणारा धागा आपण काढू शकतो. रुतलेला धागा आणि आवळलेली अंगठी नाही.

आठवी तपासणी : वजन, आहार आणि नखे

दांड्या सुधारल्यावर दोन आठवडे वाट पाहावी आणि पुन्हा छायाचित्र घ्यावे. लाली उतरत असेल आणि दाणे परत दिसू लागले असतील तर दुसरे काही करू नये. फरक नसेल तर पक्ष्याकडे वळावे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन, झाकणाला भोके पाडलेल्या हलक्या डब्यात पक्षी ठेवून वजन करावे आणि डब्याचे वजन वजा करावे. कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेला, कधी न उडणारा १३० ग्रॅमचा कॉकटेल कोणत्याही दांडीवर बसवला तरी त्याचे तळवे दुखणारच.

नुसत्या राळ्यावर जगणाऱ्या बजरीगरमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता होते आणि कातडी कमजोर पडते, त्यामुळे अशा पक्ष्याचे पाय दांडी बदलूनही पूर्ण बरे होत नाहीत. शेवग्याचा कोवळा पाला, लाल माठ, किसलेले गाजर, लाल भोपळ्याची फोड यांपैकी काहीतरी रोज थोडे द्यावे. जीवनसत्त्वाचे थेंब आपल्या मनाने पाण्यात टाकू नयेत, कारण अ जीवनसत्त्व यकृतात साठते आणि जास्त झाले तर तेच बाधते.

वाढलेली नखे पायाचा कोन बिघडवतात. गडद रंगाच्या नखात रक्तवाहिनी कुठवर आहे ते दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा जाणकाराकडूनच कापून घ्यावीत.

दांडीचा दोष नसलेले आजार

काही आजार दांडीच्या त्रासासारखे दिसतात. पायावर आणि चोचीच्या मुळाशी पांढरट, स्पंजासारखी छिद्रे असलेली खरखरीत पुटे आली असतील तर तो सूक्ष्म किडीचा त्रास असतो. तो दुसऱ्या पक्ष्यालाही होऊ शकतो आणि त्याचे औषध वजनावरून ठरते, तेव्हा दुकानदाराने दिलेले थेंब घालू नयेत. सांध्यांवर पिवळसर-पांढऱ्या गाठी असतील तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि त्याचे मूळ मूत्रपिंडात असते. बजरीगर एकाच पायाने लंगडत असेल आणि तळवा मात्र स्वच्छ दिसत असेल, तर पोटातली गाठ मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता राहते. या तिन्ही बाबतींत दांड्या बदलण्यात घालवलेला प्रत्येक आठवडा वाया जातो.

खपली धरलेल्या तळव्यावर घरी काहीही लावू नये. हळद आणि खोबरेल तेल माणसाला चालते, पण तेल पायावरून पिसांना लागते, पिसे चिकटतात आणि अंगाची ऊब जाते. माणसांची मलमे पक्षी चोचीने चाटून पोटात घेतो आणि त्यांतले वेदनाशामक किंवा स्टेरॉइड त्याला घातक ठरू शकते. खपली खरवडून काढणे तर मुळीच नको, कारण तिच्याखालचा संसर्ग हाडापर्यंत पोचलेला असू शकतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला सगळा व्याप गाई-म्हशी आणि शेळ्यांचा असतो, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून ‘पिंजऱ्यातले पक्षी पाहता का?’ असे स्पष्ट विचारावे. तिथे सोय नसेल तर मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यात शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ही नावे लक्षात असावीत. कोणाकडे पाठवावे हे स्थानिक डॉक्टरही सांगतात. पक्ष्याला त्याच्या मोठ्या पिंजऱ्यातून नेऊ नये. तळाला मऊ फडके अंथरलेला, हवा खेळेल असा लहान खोका घ्यावा, त्यात दांडी लावू नये, आणि घाटातल्या वळणांवर तो मांडीवर धरावा. सोबत तारखा टाकलेली तळव्यांची छायाचित्रे, पिंजऱ्याचे एक छायाचित्र आणि तो पक्षी जिच्यावर झोपत होता ती जुनी दांडी कागदात गुंडाळून, न धुता न्यावी.